शिकारीचे बाण

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माणिकपूरच्या खेळसामानाच्या दुकानात मी बॅडमिंटनची शटल घ्यायला गेलो होतो. फुलाफुलांच्या फ्रॉकमधल्या साठीच्या बाई नुकतंच विकत घेतलेलं आपलं पहिलंवहिलं, कप्प्या लावलेलं कंपाऊंड धनुष्य कडेवर मूल घ्यावं तसं धरून उभ्या होत्या.

“शिकारीचे बाण दाखव. पात्याच्या टोकाचे.”

दुकानदार दचकला. “आंटी, शिकारीला बंदी आहे.”

“नारळांच्यापण? आमच्या भुईगावात झाडावर चढायला माणूस मिळत नाही. बरोबर देठावर नेम धरीन.”

त्यानं हसू दाबत एक बाण दिला. तो सरळ आहे ना, हे बाईंनी एक डोळा मिटून बघितलं. टोक माझ्याकडे होतं, म्हणून मी बाजूला सरकलो.

“आणि बाण नारळात रुतून वरच राहिला तर?” दुकानदारानं विचारलं.

बाईंनी झाडाचा शेंडा बघावा तसं छताकडे बघितलं.

“तर तो काढायला माणूस लागेल,” त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, आता धनुष्य परत करतील. त्यांनी उलट ते आणखी घट्ट धरलं.

“मग साधे, सरावाचे दे. नारळ मी बाजारातून आणते.”