दार हुंगणारे मामा

कुणाच्याही घरी गेल्यावर दार वाजवायच्या आधी चौकटीला नाक लावून वास घेणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच होता, आणि माझं नशीब असं, की तो माझ्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मुकुटबनच्या अलीकडे जंगलाच्या कडेला असलेल्या त्या गावात मी प्राथमिक शाळेचा गुरुजी म्हणून रुजू झालो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. सामान टेकवतोय न टेकवतोय तोच एक उंच, वाळका, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस आत आला, माझ्या लाकडी पेटीपाशी उकिडवा बसला, तिला नाक लावलं आणि म्हणाला, "आंब्याची हाय. सागाची म्हणून इकली असंन तुमाले." सागाची म्हणूनच विकली होती. मी मुकाट्यानं चहाचं आधण ठेवलं.

धंद्यानं ते वाढई, म्हणजे सुतार. सारं गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ती कानामागची पेन्सिल ते दिवसातून चार वेळा गावभर शोधत, आणि ती कानामागेच आहे हे सांगणाऱ्यावर रागावत. स्वतःच्या वितीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. सरकारी मोजपट्टीचा एकदा त्यांच्या वितीशी मेळ बसला नाही, तर त्यांनी मोजपट्टीच चुकीची ठरवली. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा पाहुण्यांनी पोहे पुढे केले आणि मामा दिसेनात. बघतात तर हे खाटेखाली आडवे, आणि खाटेचे सांधे हलवून बघताहेत. बाहेर आले ते नकार घेऊनच. ज्या घरात बसायची खाट डुगडुगते आणि कुणाला तिचं काही वाटत नाही, त्या घरात पोरगी द्यायची नाही. पोरगी दुसरीकडे दिली आणि सुखात नांदली, एवढं मला माहीत आहे. खाटेचा त्यात वाटा किती, ते देव जाणे.

दुसरी खोड म्हणजे 'काहून'. म्हणजे का, कशासाठी. देवीची लस टोचणारा आला तेव्हा निम्मं गाव शेतात पळालं. मामा दंड उघडा करून पुढे उभे राहिले आणि म्हणाले, टोचा, पण काहून टोचता ते सांगून टोचा. तो बिचारा अर्धा तास समजावत बसला, आणि ऐकता ऐकता पळालेली माणसं परत आली. मलाही त्यांनी सोडलं नाही. पृथ्वी गोल आहे हे त्यांना एका रविवारी पटलं, पण ती काहून गोल आहे, हे मी बदली होईपर्यंत सांगू शकलो नाही. मला त्यांचा कंटाळा यायचा आणि संध्याकाळी ते आले नाहीत तर करमायचं नाही, असं ते प्रकरण होतं.

आता त्या गावाची एक गंमत सांगतो. गावातलं एकही नवं दार नीट लागत नसे. खालून घासायचं, नाहीतर वरून फट राहायची. माझ्या शाळेचं दार तर लाथ मारल्याशिवाय उघडायचं नाही. लोक म्हणत, इकडची हवाच तशी. मीही तेच म्हणायला शिकलो.

ही सगळी दारं ज्या चौकटींना लावली होती त्या दिल्या होत्या आमच्या पंचायत समितीच्या सभापतींनी. तालुक्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे. कुणी भिंत उभी करतोय असं कळलं की त्यांची गाडी सागवान घेऊन दारात हजर. बदल्यात काही मागत नसत, फक्त निवडणुकीत ओळख ठेवा म्हणत. आणि आमच्याकडे चौकट बसवायची म्हणजे छोटं लग्नकार्यच. मुहूर्त बघायचा, चौकटीला हळदकुंकू लावायचं, आंब्याचे डहाळे बांधायचे, आणि ती उभी राहिली की वाढयाला मानाचा नारळ आणि धोतर द्यायचं. गावातला एकुलता वाढई मामा. त्यामुळे सभापतींची प्रत्येक चौकट मामांच्या हातची, आणि प्रत्येक चौकटीचा नारळ मामांच्या घरी.

एके दिवशी दुपारच्या मोटारीनं बातमी आली. सरकारी जंगलातला साग चोरून तोडल्याबद्दल सभापतींना दोन वर्षांची शिक्षा ठोठावली. तोडलेल्या ओंडक्यांवरचा सरकारी शिक्का तासून ते गावोगाव वाटल्याचं कोर्टात शाबीत झालं. बाप्पा, काय तो दिवस! मग एकजण म्हणाला, मी तर पहिल्यापासून सांगत होतो. बघता बघता सगळेच पहिल्यापासून सांगत असलेले निघाले. कालपर्यंत सभापतींची गाडी दिसली की रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहणारे आता डफडं वाजवत होते. हॉटेलवाल्यानं पेढे काढले. मी दोन खाल्ले. खोटं कशाला बोलू, गोड लागले.

मामा आले ते नाक पुढे करूनच. पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. सगळ्यांची तोंडं निरखून बघत राहिले, लस टोचणाऱ्याकडे बघितलं होतं तसं. मग म्हणाले, "थो तं आत गेला. लाकूड कुठं गेलं?"

कुणीतरी म्हणालं, मामा, आता संपलं ना सगळं, कोर्टानं पाहून घेतलं. मामांनी पेढा परत परातीत ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाव हुंगायला घेतलं. वाढयाकडे रेघा मारायला गेरू असतो, त्याची वाटी हातात. जी चौकट त्यांच्या नाकानं चोरीची ठरवली तिच्यावर गेरूचं बोट उमटायचं. मी विचारलं, वासावरून चोरी कशी कळते हो? तर म्हणाले, सरकारी डेपोतलं लाकूड वर्षभर उन्हात वाळत पडतं, चोरीच्या लाकडाला घाई असते. ते ओलंच चिरतात, ओलंच बसवतात, मग ते घरात वाळतं आणि वाकतं. गावातली दारं का लागत नाहीत, ते त्या दिवशी मला कळलं. हवेवर मी उगाच आळ घेत होतो.

पण गाव चिडलं. बायाबापड्या म्हणाल्या, पूजा झालेल्या चौकटीला असं बोट लावतात का, घराला दृष्ट लागेल. बाप्ये म्हणाले, शिक्षा झाली, पेढे वाटले, आता आमच्या उंबऱ्यात काय शोधता? ओल्या फडक्यानं बोटं पुसली गेली. मामा पुन्हा लावत. आठ दिवस हा खेळ चालला.

आणि पंधराव्या दिवशी सभापती परत आले. वर अपील केलं होतं, जामीन मिळाला होता. मोटारीतून उतरून त्यांनी स्वतःच आधी हात जोडले. मग काय, समोरच्यानं हात जोडल्यावर आपण खिशात कसे ठेवायचे? महिन्याभरात डफडंवालेही त्यांच्या ओसरीवर चहा पिऊ लागले. शिक्षा होऊन गेली होती ना, म्हणजे जणू सुतक फिटलं होतं. मामा रोज संध्याकाळी मला विचारत, गुरुजी, माणसं इतक्या लवकर काहून विसरतात? त्यांचा आवाज तक्रारीचा नसे. एखादं नवं यंत्र उलगडून बघावं तसं ते विचारत.

माझी पाळी लवकरच आली. शाळेची दुसरी खोली भिंतीपर्यंत उभी होती. सभापतींनी तिच्यासाठी चौकट पाठवली आणि मुहूर्तही कळवला. मला खोली हवी होती. एका खोलीत चार वर्ग कोंबून माझा घसा बसला होता. मी मामांकडे गेलो आणि चौकट बसवून द्या म्हणालो. लाकूड चोरीचं की कसलं, याची शहानिशा अपिलात होईल, आपण कशाला, असं काहीबाही बोललो. शिकलेला माणूस अशा वेळी फार छान बोलतो.

मामा रंधा मारत होते, ते थांबले.

"गुरुजी, शाळेच्या पयल्या चौकटीचा वास मले आलता," ते म्हणाले. "तुमी यायच्या आधीची गोष्ट. शिक्का तासल्याली जागा मी याच हातानं साफ केली. मंग नारळ घेतला, धोतर घेतलं, अन् घरी आलो. थे धोतर अजून पेटीत हाय, नेसवत नाई. सारे इचारतात सभापतीनं चोरी काहून केली. मी काहून बोललो नाई, थेच मी रोज स्वतःले इचारून राह्यलो."

मी उठून आलो. ते नाही म्हणाले नव्हते, म्हणून येतील अशी मला आशा होती.

मुहूर्ताच्या तयारीसाठी आदली रात्र मी शाळेतच काढली. सकाळी सगळे जमले. हळदकुंकू आलं, डहाळे आले, सभापती आले. मामा आले नाहीत. मी बोलवायला गेलो तर घराला दारच नव्हतं. चौकटीसकट उखडून नेलेलं. भिंतीत मोठं भगदाड, त्यावर तरटाचा पडदा, आणि पडद्याआड मामी भाकरी थापत असलेल्या. त्यांनी मला सांगितलं, पहाटे स्वतःची चौकट, तीही सभापतींनीच दिलेली, गाडीत घातली आणि जंगलखात्याच्या नाक्यावर जमा करायला गेले. मग जरा थांबून म्हणाल्या, "घरात चोराले न्यायले काई नाई गुरुजी, पण कुत्रं येते न."

नाक्यावरची हकिकत नंतर कळली. तिथल्या जमादाराला चोरीचं लाकूड पकडायचं कसं हे माहीत होतं, कुणी आपणहून आणून दिलं तर काय करायचं हे माहीत नव्हतं. तसा कागदच त्याच्याकडे नव्हता. त्यानं दुपारपर्यंत मामांना बसवून ठेवलं, भाकरी खायला दिली आणि घरी जा म्हणून हात जोडले. मामा चौकट भिंतीला टेकवून रिकामी गाडी घेऊन परत आले.

तोवर शाळेची चौकट उभी राहिली होती. सभापतींनी दुसऱ्या गावचा वाढई आणला, आणि त्याला नारळ-धोतर मी दिलं. माझ्याच हातानं दिलं. आजही आठवलं की तोंडाची चव जाते.

पुढे सभापती अपिलात सुटले. पुन्हा पेढे वाटले गेले, त्याच हॉटेलातले. या वेळी मी खाल्ला नाही, पण त्याला आता कोण विचारतो. शाळेच्या दुसऱ्या खोलीचं दारही पहिल्या उन्हाळ्यातच घासायला लागलं. माझी बदली झाली तेव्हा मामांच्या घराला तरटाचाच पडदा होता. वाजवायला दार नसल्यामुळे मी बाहेरूनच हाक मारली. ते मोटारीपर्यंत पोचवायला आले, माझी आंब्याची पेटी स्वतः वर चढवली आणि दोरी नीट बांधली आहे ना, हे दोनदा बघितलं. नंतर तीन-चार वर्षांत ते गेले, असं पत्रानं कळलं. ते तरट कुणी काढलं, हे पत्रात नव्हतं.

निवृत्तीच्या सुमारास मी यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. चौकटीचा दिवस आला, बायकोनं हळदकुंकू आणलं, वाढई धोतराची वाट बघत उभा राहिला. मी सगळ्यांना थांबवलं आणि चौकटीला नाक लावलं. वाढई हसला. मी बराच वेळ तसाच उभा होतो. मला नुसता सागाचा वास आला. चांगलं लाकूड होतं की कुणाचं तरी घाईचं, मला काही कळलं नाही, आणि शेजारी विचारायला मामा नव्हते.