बायकांचा बुधवार

उन्हाळ्यात नगरला करण्यासारखं काही नसतं, असं जे म्हणतात त्यांच्याशी मी या वयातही वाद घालते. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, लहानपणी सुट्टीत तू कुठे जायचीस?" माझ्या आधी तुमच्या आईनेच उत्तर देऊन टाकलं, "आजीच्या काळी मुली कुठे जात नसत रे." मी गप्प बसले, कारण फोनवर भांडण नीट होत नाही. म्हणून हे लिहून पाठवते आहे. मुली जात होत्या. मी जात होते. आणि नुसती झाडाखाली बसायला नाही, विहिरीत पोहायला जात होते.

आधी जागा आणि माणसं सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको.

वडिलांची नेवाशाहून नगरच्या कचेरीत बदली झाली तेव्हा मी इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत होते. युद्ध चालू होतं, रॉकेल जपून वापरावं लागे. नेवाशाला आईचं माहेर प्रवरेच्या घाटाला लागून होतं. माझ्या मामाने तिला लहानपणीच पोहायला शिकवलं होतं, आणि लग्न होऊन त्याच गावात राहिल्यामुळे तिची नदी सुटली नव्हती. नगरला आम्हाला एका बोळात जागा मिळाली. चार बिऱ्हाडांत एक नळ, सकाळी तेवढं पाणी यायचं. पहिल्या दिवशी हंडा लावून आई त्या बारीक धारेकडे बघत राहिली. "नदी सोडून मी करंगळीपाशी आले," ती म्हणाली.

घरात आम्ही पाच माणसं. आई, वडील, मी, माझ्याहून बराच धाकटा भाऊ आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. फार लहान वयात विधवा झाली होती आणि भावाच्या आधाराने राहत होती. तिच्या डोक्यावर केस नव्हते, अंगावर लाल आलवण असे. कोणत्या वारी काय करावं आणि काय करू नये, हे तिला तोंडपाठ होतं.

वडिलांच्या कचेरीतले एक मुसलमान गृहस्थ त्यांचे चांगले मित्र झाले. भिंगारच्या अंगाला त्यांचा मळा होता. मे महिन्यातल्या रविवारी कचेरीतली चार-पाच कुटुंबं तिथे जमायची. चिंचेची दाट सावली, मोटेची मोठी विहीर, आत उतरायला दगडी पायऱ्या. पुरुष आणि मुलगे विहिरीत सूर मारायचे, मुटके मारायचे, पाणी थेट काठापर्यंत उडवायचे. बायका तीन दगड मांडून पिठलं करायच्या, भाकऱ्या थापायच्या आणि वांगी भाजायच्या. मी वांगी सोलायला. पुरुष ओल्या अंगाने वर यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, झालं का? भूक खवळलीय." ज्यांचा मळा होता त्यांची पत्नी, जिला आम्ही भाभी म्हणायचो, ती तर रविवारी यायचीच नाही. एवढ्या परक्या पुरुषांत ती कशी येणार?

पहिल्या रविवारी परतताना वडिलांनी आईला विचारलं, "काय, मजा आली ना?"

"आली की," आई म्हणाली. "घरी मातीची चूल होती, इथे दगडांची. तेवढाच पालट."

वडील हसले. त्यांना वाटलं ती गंमत करते आहे.

पुढच्या रविवारसाठी आईने आदल्या संध्याकाळीच दुधात पीठ मळून दशम्या केल्या. प्रवासात चालाव्यात म्हणून त्या दुधात मळतात, पाण्यात नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदे. मळ्यात पोचल्यावर तिने दगड मांडलेच नाहीत. जेवायच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, आज गरम पिठलं नाही?"

"नाही. आज मी सहलीला आले आहे."

मग ती वडिलांना म्हणाली, "अहो, जेवण झाल्यावर तुम्ही मंडळी जरा पलीकडच्या आंब्याखाली जा ना. तासभर विहीर आम्हाला द्या."

"तुम्ही बायका विहिरीत काय करणार?"

"तुम्ही काय करता तेच."

सगळे पुरुष एवढे हसले की चिंचेवरचे कावळे उडाले. विहीर काही मिळाली नाही. पण त्या हसण्यामुळे आईचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन भाभीच्या घरी गेली आणि माजघरात बसून सरळ विचारलं, "मळा तुमचा, विहीर तुमची. तुम्ही ती आतून कधी पाहिली आहे का?"

भाभी म्हणाली, "ताई, मी तर ती बाहेरूनही नीट पाहिली नाही."

मळ्यातली गाडी दर बुधवारी भाजी घेऊन मंडईत यायची आणि रिकामी परत जायची. बुधवारी कचेरी चालू, म्हणजे पुरुष कचेरीत. झालं, वार ठरला. वडिलांना आईने सांगितलं की भाभीने मळ्यात बोलावलं आहे. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी मान हलवली, पुढचं विचारलं नाही.

त्या बुधवारी गाडीत आम्ही मायलेकी, धाकटा भाऊ, कचेरीतल्या दोघांच्या बायका आणि भाभी होतो. भाभीने भिंगार मागे पडल्यावर बुरखा काढला. मळा वाट्याने करणाऱ्याची बायको, आमची मळेकरीण, हातात विळा घेऊन वाटेवर बसली. आईने विचारलं, "कुणी आलं तर?"

"येतंय कशाला! म्हनंल, बायामानसं हायेत आत, माघारी फिर. माजी सासू आली तरी सोडायची न्हाई."

"तुम्हीपण या ना आत, शिकवते."

"मला काय शिकवता? आमी लई पवलोय ह्या हिरीत. आमाला कोन इचारतंय, कवा उतरलीस म्हनून!"

आईने लुगड्याचा पदर कमरेला घट्ट बांधला, ओचा खोचला, मोट जिथून सोडतात त्या दगडावर उभी राहिली आणि सूर मारला. पाणी तिच्यावर मिटलं. भाभी पायऱ्यांवर बसून "या अल्ला, या अल्ला" करायला लागली. मी आईला उडी मारताना कधीच पाहिलं नव्हतं. आम्ही नदीवर जायचो तेव्हा ती बहुधा धुणंच धूत असायची. पलीकडच्या भिंतीपाशी ती वर आली, तोंडातलं पाणी थुंकली आणि म्हणाली, "गार आहे. या."

"हाय अल्ला, ताई, तुम्ही तर मासोळी निघालात!"

मला पाठीवर वाळका भोपळा बांधून आईने पाण्यात सोडलं. मी पुष्कळ पाणी प्यायले. पण उन्हात तापलेल्या दगडावरून त्या गार पाण्यात उतरताना अंगावर जो शहारा येतो, तो मी आजही दुसऱ्या कशाशी बदलणार नाही. भाभी त्या दिवशी कमरेएवढ्या पायरीपर्यंत आली. तिसऱ्या बुधवारी तिने पायरी सोडली. त्याच दिवशी माझ्या पाठीवरचा भोपळाही सुटला.

आता अडचण कुठे आली ते सांगते. ज्या बाईला भाऊ आहे तिने बुधवारी डोक्यावरून पाणी घेऊ नये, घेतलं तर ते भावाला बाधतं, असं आमच्याकडे मानत. आईला ते ठाऊक होतं, पण गाडीचा वार बुधवार म्हणून तिने त्याचा विचारच केला नाही. आणि आम्ही दर बुधवारी संध्याकाळी बोळात ओल्या केसांनी शिरत होतो. आत्या त्या वेळी देवळात कीर्तनाला असायची, पण ओट्यावर बसलेल्या बायकांनी ते पाहिलं आणि तिच्यापर्यंत पोचवलं.

"तुला भाऊ आहे, हिलाही भाऊ आहे," आत्या आईला म्हणाली. "बुधवारी डोक्यावरून पाणी? भावांच्या जिवावर उठलात दोघी? आणि तेही त्यांच्या विहिरीत!"

"वन्सं, तुमच्या भावाचं जानवं दर रविवारी त्याच पाण्यात भिजतं. ते बाटलं नाही, मग माझं लुगडं कसं बाटेल? आणि माझ्या भावाचं म्हणाल, तर मला बुडी मारायला त्यानेच शिकवलं. वार बघून नाही शिकवलं."

आत्या जपाची माळ घेऊन आत गेली. पण आठ-दहा दिवसांत माझा धाकटा भाऊ तापाने फणफणला, अंगावर पुरळ उठलं, डोळे लाल झाले. गोवर. आत्याने दाराला कडुलिंबाचे डहाळे लावले, त्याच्याजवळ बसून राहिली आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आता तरी पटलं का?"

मला पटलं होतं. तुम्हाला हसू येईल, पण मी इंग्रजी शिकत होते म्हणून काही माझी भीती कमी नव्हती. त्याच्या अंगावर हात ठेवला की चटका बसायचा, आणि मला वाटायचं की हे माझ्या केसांतलं पाणी आहे. मी त्या दिवसांत केसांना तेलाशिवाय काही लावू दिलं नाही.

वडील कचेरीतून आले की भावाजवळ बसायचे. ताप उतरून तो अंगणात गोट्या खेळायला लागला, तेव्हा ते आईला म्हणाले, "झालं ते झालं. आता बुधवार पुरे. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"की मुलाला बहिणीमुळे बाधलं."

"या बोळात आणखी चार मुलांना गोवर आला," आई म्हणाली. "त्यांच्या बहिणी कोणत्या विहिरीत उतरल्या होत्या, ते जरा विचारून या. मग मी थांबते."

वडील कोणाला विचारायला गेले नाहीत. आत्या मधे पडली, "बरं, जायचंच असेल तर वार बदला."

"वार बदलला तर माझ्या लेकीमुळे लेक आजारी पडला, हे मी कबूल केलं असं होईल. मी ते कबूल करणार नाही. तिच्या डोक्यात ते बसू द्यायचं नाही मला."

त्या वेळी मला कळलं की आई स्वतःच्या पोहण्यासाठी भांडत नव्हती. मी त्या घरात इतके दिवस गप्प गप्प वावरत होते, ते तिने पाहिलं होतं.

"निदान केस वाळवून तरी या," आत्या म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिलं, पण हो म्हटलं नाही.

बुधवारी गाडी बोळाच्या तोंडाशी आली. भाऊ म्हणाला, "मी येणार," आणि गाडीत चढून बसला. आत्याने देवाला हात जोडले. मळ्यात त्याला मळेकरणीने विहिरीच्या वरच्या पायरीवर सावलीत बसवलं आणि हातात काकडी दिली.

मी केस वर घट्ट बांधून पाण्यात उतरले आणि मान उंच ठेवून पोहत राहिले. आई दोन वेळा माझ्या जवळून गेली. मग थांबली. "डोकं कोरडं ठेवून कोण पोहतं ग? बेडूकसुद्धा नाही."

"मला नको."

"का नको?"

मी पायरीकडे बघितलं. आईनेही बघितलं. ती भिंतीला धरून थांबली. भाभी पलीकडून म्हणाली, "आमच्यात बुधवाराचं असं काही नाही, बेटा. पण दुसरं पुष्कळ आहे. सगळं ऐकत बसले असते तर मी आज इथे नसते."

मी नाक दाबलं आणि खाली गेले. पाण्याखाली हिरवट उजेड होता, कानात दडे बसले. जेवढा वेळ राहवलं तेवढा वेळ राहिले. मुद्दाम. वर आले, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि आधी पायरीवर पाहिलं. तो काकडी खात होता. मीठ संपलं म्हणून मळेकरणीशी वाद घालत होता.

मग मी इतक्या बुड्या मारल्या की आईलाच म्हणावं लागलं, "आता बाहेर ये."

परत येताना उन्हं उतरली होती. निघायच्या आधी केस सहज वाळवता आले असते. आईने निघताना माझे आणि स्वतःचे केस पुन्हा एकदा मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थाळ्यात बुडवले आणि मोकळे सोडले. भाभी आपल्या दारात उतरली. आम्ही बोळाच्या तोंडाशी उतरून चालत निघालो. पाठीवरून पाणी ठिबकत होतं, चोळी भिजली होती, भाऊ पुढे पळत होता. ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. त्यांतली सगळ्यांत वडील बाई आईला म्हणाली, "आज बुधवार ना हो?"

"हो," आई म्हणाली. "पाणी छान होतं. पुढच्या बुधवारी येता का?"

तिने तोंड फिरवलं. पुढच्या बुधवारी ती आली नाही. तिची सून आली.