दोन्ही हात हँडलवर

पुंडलीकबाब माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. तुयेच्या कारखान्यात मला नुकती नोकरी लागली होती आणि नवीकोरी मोटारसायकल घेऊन मी ऐटीत सड्यावर गेलो होतो. गाडी कोण कोण बघतंय, याकडे माझं सगळं लक्ष. यांनी गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या पायांतल्या चपला पाहिल्या आणि म्हणाले, "घरा वच. बूट घालून यो. आदी पाय, मागीर गाडी."

राग असा आला म्हणता! तरी घरी गेलो, कारखान्याचे जाड बूट चढवून आलो, तोवर ऊन वर येऊन सगळे पांगले होते. पुढचा रविवार येईपर्यंत मी आठवडाभर धुसफुसत काढला.

सडा म्हणजे पेडण्याच्या वरच्या अंगाला पसरलेला जांभ्या दगडाचा उघडा माळ. पावसाळा सरून गवत वाळलं की आम्ही मोटारसायकलवाले तिथे रविवारी सकाळी जमायचो. कोणी पेडण्याचे, कोणी इब्रामपूरचे, कोणी डिचोलीच्या खाणींवर काम करणारे. पुंडलीकबाबांनी चुन्याने रंगवलेले दगड मांडून तिथे एक वाट आखली होती. त्या वाटेवर गाडी घालायची तर त्यांच्या शिस्तीने, नाहीतर रस्ता मोकळा आहे, असं ते प्रत्येकाला तोंडावर सांगत.

पेशाने ते पायलट. विमानाचे नव्हेत हो. आमच्या गोव्यात पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलवर भाडं मागे बसवून नेतो, तो पायलट. आठवडाभर दुसऱ्याला जायचं असेल तिथे जायचं, दुसऱ्याच्या घाईने जायचं. रविवारची सकाळ तेवढी त्यांची स्वतःची. "रस्त्यार लोकांक व्हरतां, सड्यार आपणाक," असं म्हणत. ती सकाळ कोणी मागितली असती तर त्यांनी एक वेळ गाडी दिली असती, सकाळ दिली नसती.

एका जागी बसणं या माणसाला ठाऊकच नव्हतं. हॉटेलात चहा उभ्याने. उंडा पाव चहात बुडवताना दुसऱ्या हाताच्या बोटावर किल्ली गरगर फिरत असायची. मीही तसलाच उतावळा, म्हणून असेल, आमचं जमलं. तसे ते दिवसच जिवाला स्वस्थता न देणारे. गोव्याचं वेगळं राज्य होणार की नाही, भाषा कोंकणी की मराठी, स्टँडवर रोज हमरीतुमरी. आज बंद, उद्या रस्त्यावर झाडं आडवी. पुंडलीकबाब घरात बोलत एक, भजनात गात दुसरी, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांना ओढायला बघत. एकाने फारच पिच्छा पुरवला तेव्हा म्हणाले, "तू ब्रेक खंयच्या भाशेत मारतंय, तें सांग आदी." आणि किक मारून निघून गेले.

सड्यावर मात्र त्यांच्या तोंडाला खळ नसे. पहिली फेरी पायी. सगळ्यांनी वाट चालून यायची, सुटे दगड उचलून कडेला टाकायचे. मग गाड्या, आणि सगळ्या एकाच दिशेने. पुढे जायचं तर बाहेरच्या अंगाने, आणि जो पुढे जातो त्याने दुसऱ्याला सांभाळायचं. वाटेतून बाहेर पडायचं तर आधी डावा पाय लांब काढून दाखवायचा. पांढरं फडकं हललं की सगळ्यांनी हळू. आम्हाला सारखं मागे वळून बघायची खोड, कोण जवळ आलं म्हणून. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "फुडल्याचे दोळे फुडें. मागल्याचेय दोळे फुडें." मागच्याने पुढच्याकडे बघितलं की पुढच्याला मागे बघायचं काम उरत नाही, हे डोक्यात शिरायला मला दोन हंगाम लागले.

हेल्मेट तेव्हा कोण घालत होतं! पण यांचा हुकूम. डिचोलीची मंडळी खाणीवरच्या पिवळ्या टोप्या घालून आली, तर यांनी एकेकाची टोपी काढून त्याच्याच हातात दिली. "ही टोपी माथ्यार फातर पडटलो म्हणून. हांगा तू फातरार पडटलंय." हसलो सगळे, पण पुढच्या रविवारी म्हापशाहून खरी हेल्मेटं आली.

सड्याच्या एका वळणावर राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, दगड होता, एका जुन्या झाडाखाली. आता आमच्याकडची सवय सांगायलाच हवी. देऊळ दिसो, घुमटी दिसो, नुसता शेंदूर फासलेला दगड दिसो, गाडी चालवता चालवता उजवा हात सुटतो, छातीला लागतो, कपाळाला लागतो आणि परत हँडलवर येतो. ठरवून कोणी करत नाही. पण उजवा हात सुटला की एक्सिलेटर सुटतो, गाडी एकदम आखडते, आणि ऐन वळणावर मागून वेगात येणारा अंगावर येतो. म्हणून पुंडलीकबाबांचा सगळ्यांत कडक नियम हा, की पायी फेरीत राखणदाराला एकदाच नमस्कार करायचा. गाडीवर बसल्यावर दोन्ही हात हँडलवर.

गावातल्या जाणत्यांना हे रुचलं नाही. राखणदाराला टाळून गाड्या फिरवायच्या म्हणजे काय? पुंडलीकबाब त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. नारळ आणि रोट घेऊन गेले, जाणत्यांना सोबत नेलं आणि स्वतः गाऱ्हाणं घातलं. बा राखणदारा, ही पोरं तुला एकदाच पाया पडतील, तेच शंभरदा समजून मानून घे आणि त्यांना राख. जाणत्यांना "होय महाराजा" म्हणावंच लागलं. एकदा म्हटल्यावर बोलणार काय?

तरी व्हायचं ते झालं. इब्रामपूरचा बाबल, माझा दोस्त, मोठा भाविक. एका फेरीत त्याचा हात सुटला. मागे डिचोलीचा रघू होता, तो बाबलच्या गाडीवर आदळला आणि त्याचा पाय मोडला. पुंडलीकबाबांनी बाबलला तिथेच सांगितलं, की ज्याच्या चुकीने दुसरा पडला त्याची गाडी पुन्हा सड्यावर नाही. एक महिना नाही, एक वर्ष नाही, कधीच नाही. बाबल रडकुंडीला आला. मी भांडलो, चांगला तोंड वर करून भांडलो, की देवाला हात जोडल्याची एवढी शिक्षा? ते शांतपणे म्हणाले, "देवाची गजाल खंय आयली रे? देव खंय पडलो? पडलो तो रघू."

बाबल तरी येतच राहिला, कडेला उभा. पुंडलीकबाब त्याला चहा देत, काजू कसे लागलेत विचारत, पण गाडी आत घेऊ देत नसत. मला ते काळीज नसलेलं वाटे.

पुढच्या हंगामात लक्ष्मीवहिनी, त्यांच्या पत्नी, आजारी पडल्या. ऑपरेशन ठरलं. त्या रविवारी पुंडलीकबाब पहाटेच इस्पितळातून थेट सड्यावर आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. आज गाडी घेऊ नका, असं सगळ्यांनी सांगितलं. ते म्हणाले, तिथे बसवत नाही, घरी बसवत नाही, चार फेऱ्या मारतो आणि परत जातो. पायी फेरीत ते राखणदारासमोर आमच्यापेक्षा जास्त वेळ थांबले, एवढं माझ्या ध्यानात आलं.

मी त्यांच्या मागेच होतो. तिसरी की चौथी फेरी असेल. वळण आलं, झाड आलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा उजवा हात सुटून छातीवर गेला. त्यांची गाडी आखडली. आदळू नये म्हणून मी माझी बाहेरच्या अंगाला घातली, चाक सुट्या मातीवर घसरलं आणि मी खांद्यावर आपटलो.

गाडी टाकून ते धावत आले. आधी माझ्या पायांकडे बघितलं. "पाय हालय," म्हणाले. मी हलवले. खांदा मात्र गेला होता, हात उचलेना. त्यांचा चेहरा बघवत नव्हता हो. मीच त्यांना समजावू लागलो, की वहिनी तिकडे तशा पडलेल्या, कोणाचाही हात गेला असता, माझ्या मनात काही नाही. सगळे भोवती जमले होते, बाबलसुद्धा. पुंडलीकबाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"माफ करपाचो हक्क तुजो," ते म्हणाले. "सड्यार गाडी चलवपाचो माजो न्हय आतां."

आम्ही आठवडे घालवले त्यांना समजावण्यात. रघूने सांगून पाहिलं, जाणत्यांनी सांगितलं, वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या तर त्यांनीही सांगितलं. शेवटी मी म्हटलं, मग बाबललाही घ्या आणि तुम्हीही या. तर म्हणाले, आम्ही दोघेही बाहेरचे. पुढच्या रविवारी एका वळणावर बाबल आणि राखणदाराच्या वळणावर पुंडलीकबाब, दोघे पांढरी फडकी घेऊन उभे. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. आम्ही जवळून गेलो की त्यांची नजर आमच्या गाडीबरोबर वळणभर यायची आणि बोटावर किल्ली फिरत असायची. मला ते सोसत नसे. आठवडाभर दुसऱ्यांना वाहणाऱ्या माणसाने आपली एकुलती एक सकाळ आपल्याच हाताने टाकून दिली, आणि वर ती आम्हाला राखून दिली.

वय झालं, गुडघे गेले, पायलटचा धंदाही सुटला. एकदा म्हापशाला डॉक्टरकडे मी त्यांना माझ्या मागे बसवून नेलं. जन्मभर दुसऱ्यांना मागे बसवणारा माणूस, कोणाच्या मागे बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सारखी चुळबुळ. गियर टाक, मधे राहू नको, त्या बसचा भरवसा धरू नको. येताना सड्याच्या खालच्या रस्त्याने आलो. तिथून राखणदाराचं झाड दिसतं. माझा हात सवयीने सुटू लागला, तो दुखरा खांदाच हलला, आणि मागून आवाज आला.

"हात थंयच दवर. तू चलय. पाया हांव पडटां, दोगांच्या वतीन."

मी आरशात पाहिलं. माझ्या पाठीमागे त्यांनी दोन्ही हात जोडले होते. मला घट्ट धरायचं सोडून.

त्याच वर्षी ते गेले. आता त्या रस्त्याने जाताना मागची सीट रिकामी असते. झाड दिसलं की जीव कासावीस होतो आणि हात हँडलवरून उठू म्हणतो. मी डावा पाय लांब काढतो, कडेला घेतो, इंजिन बंद करून उतरतो आणि मग हात जोडतो. दोघांच्या वतीने. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.