साडूची हातोडी

माझ्या साडूइतका हेवा करण्याजोगा माणूस लोणावळ्यात दुसरा झाला नाही, आणि माझ्या सुखासाठी होऊही नये. तो नवलाख उंबरे गावचा, चौथी पास, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. मी पोस्टात कारकून, इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचणारा. पण दर रविवारी पासावर कुठला तरी किल्ला नाहीतर लेणी पाहून यायचा तो, आणि सोमवारी सगळी आळी त्याच्या ओट्यावर. सगळ्यांत पुढे माझी बायको! लेणी कोणत्या शतकातली हे मी सांगू लागलो की तिला नेमकी चुलीवरच्या दुधाची आठवण व्हायची.

गाडीची चाकं वाजवून तडा ओळखायची हातोडी तो गडावरही न्यायचा. बुरुजावर ठक्कन मारायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "ह्यो अजून शंभर वर्सं धावंल!" विसापूरच्या एका कमानीवर त्याने 'शेडात घ्या' असा खडूने शेराही मारला होता. शिवाय कितीही लांब गेला तरी रात्रीचं जेवण घरी. घाट चढताना इंजिनं धापा टाकू लागली की त्याची बायको, माझी मोठी मेव्हणी अक्का, चुलीवर भात ठेवायची. तो दारात, भात पानात. मी पोस्टातून घरी आलो तरी कुणाला पत्ता नसायचा.

शेवटी मला राहवेना. घरी सांगायला मला माझा एक किल्ला हवा होता. म्हटलं, "साडूभाऊ, या खेपेला मीही येतो."

त्याने अलिबागचा कुलाबा ठरवला. किल्ला समुद्रात, ओहोटीला चालत जायचं. आम्ही दोघे मावळातले. पाण्याशी आमची ओळख भुशी धरणापुरती. दहा दिवसांपूर्वी बाजारात सुकट विकणाऱ्या कोळणीला विचारून त्याने ओहोटीची वेळ टिपून ठेवली होती, बारा ते पाच.

"रोज हीच वेळ?" मी विचारलं.

"मंग? टायमटेबल रोज बदलतं व्हय?"

बाराला आत शिरलो. तो तट वाजवत सुटला. "चुना न्हाई, काय न्हाई, नुसते धोंडे! लय भारी जुळणी!" दोनला बाहेर पाहतो तर वाट पाण्याखाली. किल्ल्यातल्या देवळातले पुजारी हसून म्हणाले, भरती-ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तुम्ही आलात ती सकाळच्या ओहोटीची शेपटी. आता मुक्काम करा.

साडू मटकन पायरीवर बसला. "तितं ती भात ठेवंल," एवढंच म्हणाला. खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. एकदाचा त्याचाही भात निवणार होता.

दुसऱ्या दिवशी उतरलो तर अक्का फलाटावर उभी. घाटात वाजलेल्या प्रत्येक गाडीला तिने नवा भात ठेवला होता. डोळे पुसत तिने पहिला प्रश्न केला, "किल्ला वाजला कसा?"

मी घरी गेलो. बायको म्हणाली, "भावोजी आले ना सुखरूप?" आणि चपला घालून त्यांच्याकडे पळाली. माझा किल्लाही त्यानेच सांगितला.

साडू जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा मी एकटाच लोहगडावर जाऊन आलो आणि अक्काला सगळं सांगितलं, शतकांसकट. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ते समदं खरं. पर वाजला कसा?"

तिने खुंटीवरची हातोडी काढून माझ्या हातात दिली.

या रविवारी निघताना मी तिला परतीच्या गाडीची वेळ सांगून ठेवली आहे. हल्ली नवी इंजिनं, घाटात ती धापा टाकत नाहीत.