बाबांना दिलेली भूल

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आलेले माझे बाबा कारखान्यात पॉवर प्रेस चालवायचे. मोतीबिंदू काढताना डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्याखाली सुई खुपसून भूल दिली. डोळा बधिर होईना म्हणून पुन्हा दिली. पट्टी निघाली आणि बाबांना सगळं दोन दोन दिसू लागलं, एकावर एक. एक डोळा मिटला की ठीक; पण एक डोळा मिटून प्रेसवर कोण उभं राहू देतो? फोरमननं घरी बसवलं. डोळा नीट झाला तरच या, म्हणाला.

मग वड्याचं तेल वांग्यावर. पेला धरायला जावं तर हात हवेत. पेला भिंतीवर, ताट अंगणात आणि गुद्दे आईच्या पाठीत. गल्ली म्हणे, "भिया ने चढ़ा रखी है." ज्यांनी कधी थेंब घेतला नाही त्यांना! मला बाबांची दया यायची आणि त्याच क्षणी त्यांचा हात मोडावासा वाटायचा.

शेवटी मीच त्यांना त्या दवाखान्यात नेलं. बाबांचं हिंदी कारखान्यातलं, निम्मं मराठी. ते डॉक्टरांना म्हणाले, "आपकी भूल से हुआ. दो बार दी थी."

आपली भूल हिंदीत चूक होते, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत कंपाउंडरनं त्यांची कॉलर धरली होती.

"किसकी भूल? फिर से बोल!"

"साहब की ही! और किसने दी?"

थप्पड बसली. बाबांनी ठोसा हाणला तो वरच्या तोंडावर. खरं तोंड खाली होतं. मूठ काचेच्या कपाटातून आरपार गेली. दवाखान्यातल्या तिघांनी त्यांना पाडून लाथांनी तुडवलं. मी कंपाउंडरच्या दंडाला चावले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पुढे धारला मामाकडे राहून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्म्यात खास काच बसवली आणि बाबांना एकच खिडकी, एकच मी दिसू लागले. उजव्या हाताची बोटं मात्र मिटत नव्हती. कपाटाच्या काचेनं आतल्या नसा तोडल्या होत्या. प्रेस कायमची सुटली.

"सुई आंख की मांसपेशी में लग गई थी," धारचे डॉक्टर हळू म्हणाले. "भूल से हुआ."

बाबांनी तो हात मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "कुठली भूल म्हणतायत गं हे? आपली, की ह्यांची?"