मुद्दाम करपवलेला भात

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही – मित्रांपुढे नाही, आईपुढे नाही, बायकोपुढे तर नाहीच. मग आत्ताच का सांगतोय? गेल्या महिन्यात एका विनोदी सिनेमाला मी इतका हसलो, की हसू ओसरल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

सिनेमा तसा साधा. चाळिशी उलटलेले तीन मित्र, अजून पोरांसारखे वागणारे. त्यातला एक जण बायकोने सांगितलेलं प्रत्येक काम मुद्दाम बिघडवतो – पांढरे कपडे लाल साडीबरोबर धुतो, बाळाला लंगोट उलटा बांधतो – म्हणजे पुन्हा कुणी सांगायला नको. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. शेजारी वैशाली, माझी बायको, डोळे पुसत हसत होती. मीही हसलो, आणि हसू ओसरल्यावर विचार करत होतो – लिहिणाऱ्याला हे कळलं कुठून?

कारण मला स्वयंपाक येतो. तरुणपणी तालमीत होतो, तिथे पाळीपाळीनं जेवण करावं लागायचं. आजही सुट्टीला मित्राच्या मळ्यात पांढरा रस्सा मीच करतो, दुसऱ्या कुणाला पातेल्याजवळ फिरकू देत नाही. घरी मात्र सांगतो, रस्सा मित्र करतो. मळ्यातले बाकीचे मित्र माझ्या घरी कधी खरं बोलले नाहीत. का बोलले नसतील? त्यांच्याही घरी असंच काही आहे का? अजून विचारलेलं नाही.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. आई मामाकडे नेसरीला गेलेली. वैशालीला दिवस गेले होते, भाताच्या वासानं उमासे यायचे. ती म्हणाली, "आज तेवढा भात तुमी लावा की." मी लावला. गॅस मोठा ठेवला आणि उंबऱ्यावर जाऊन बसलो. करपल्याचा वास आला. उठलो नाही. आणखी थोडा वेळ – हो, मुद्दाम – बसूनच राहिलो.

आई परत आल्यावर हसली, "गडी माणसाला काय जमतंय त्यातलं?" वैशालीही हसली. पुढे ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांत लाडानं सांगितली जाऊ लागली. आमच्याकडे हा पुरुषाचा दोष धरत नाहीत, कौतुकच करतात. आणि मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

मग एका वर्षी तिला चिकनगुनिया झाला. बोटं मिटत नव्हती. तळहाताच्या कडेनं ती भाकरी थापत होती, आणि मी दारात उभा राहून म्हणालो, "सावकाश." एवढंच. हात धुऊन परात पुढे ओढायला कितीसा वेळ लागला असता? लाज वाटत होती – पण उघडं पडायची भीती जास्त होती.

तर, सिनेमा. मध्यंतरात पॉपकॉर्न माझ्यापुढे धरत वैशाली म्हणाली, "बरं हाय, तुमी असलं मुद्दाम तर करत न्हाईसा. तुमास्नी खरंच येत न्हाई."

मी म्हणालो, "व्हय."

उत्तरार्धात तो माणूस पकडला गेला, म्हणून सुधारला. न पकडला गेलेला सुधारतो का? मी नीट लक्ष देऊन बघत होतो. ते सिनेमात नव्हतं.

घरी आल्यावर साडी न बदलताच ती ओट्याशी उभी राहिली. मला भूक लागली होती. तिनं वाढलं, मी जेवलो.