बाबांचा हुंकार

आमच्याकडे दोन मिनिटं एकट्याने बोलायची पद्धतच नाही. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने 'हाव, हाव' करत हुंकार द्यायचा, तेव्हा कुठे बोलणं पुढे सरकतं. ऐकणारा गप्प झाला म्हणजे एक तर त्याला झोप लागली किंवा तो रुसला, आणि दोन्ही वेळी शहाण्या माणसाने थांबावं. इंग्रजीची ती परीक्षा ज्यांनी काढली, त्यांच्या कानावर ही गोष्ट कोणी घातलेली दिसत नाही.

मी तेव्हा चिखलीच्या एका दवाखान्यात नर्स होते. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलने व्हिडिओवर मुलाखत घेऊन मला निवडलं होतं. मुलाखत घेणारी बाई माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, त्यामुळे मी पोपटासारखी बोलले. आता इंग्रजी ऐकण्या-बोलण्याच्या परीक्षेत पुरेसे गुण मिळवले की जायचं होतं. मला जायचंच होतं. लहानपणी मी शेजारच्या अमडापूरच्या पलीकडे बाजारालासुद्धा फारशी गेले नव्हते आणि त्याचा मला मनापासून राग होता.

ऐकण्याची तयारी मी गावी, उंद्रीला, आमच्या अंगणात मोबाइल मोठ्या आवाजात लावून करायचे. एका रेकॉर्डिंगमध्ये एक बाई स्टेशनवर छत्री विसरते आणि खिडकीतला माणूस तिला छत्रीचा रंग विचारतो, दांडा कसला ते विचारतो, पत्ता लिहून घेतो. तेवढ्यावर रेकॉर्डिंग संपतं. बाजारासाठी वांगी निवडत बसलेल्या आईला मी हे एकदा सांगून बसले आणि ती माझीच चूक. त्या दिवसापासून रोज एकच प्रश्न.

"भेटली का वं तिले छत्री?"

नाही, असं मी सांगायचे. इतकी चौकशी करूनही छत्री देत नाही म्हणजे त्यानेच घरी नेली असणार, असं आईचं मत पडलं. पुढे पुढे त्या माणसाचा आवाज आला की ती वांगी जोरात आपटायची.

परीक्षेचं केंद्र नागपूरला होतं. ऐकण्याचा पेपर झकास गेला. बोलण्याच्या वेळी समोर एक मॅडम बसल्या आणि त्यांनी मला आवडत्या जागेबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगितलं. मी आमच्या मळ्याचं सुरू केलं. चार वाक्यं झाली. मॅडम गप्प. हूं नाही की चूं नाही, मानसुद्धा हलेना. मी अडखळले. मी त्यांना ऐकू येतंय ना, असं विचारलं. त्यांनी पुढे बोला म्हटलं आणि पुन्हा तोंड मिटलं. बाईला बरं वाटत नसेल असं वाटून मी पाणी देऊ का, असंही विचारलं. नर्सच ना मी शेवटी.

बोलण्यात गुण कमी पडले. हॉस्पिटलने पुढच्या परीक्षेपर्यंत जागा ठेवतो म्हणून कळवलं, पण त्यानंतर नाही.

मग बाबांना मॅडम केलं. बाबांना इंग्रजीचा गंध नाही, पण ऐकणारा माणूस मोठा दर्दी. मी मळ्याचं बोलायला लागले की ते अगदी योग्य जागी 'हाव' म्हणायचे, एखाद्या वाक्याला 'अरे बाप्पा' म्हणायचे, आणि माझं इंग्रजी पाटाच्या पाण्यासारखं वाहायचं. तेव्हा माझं दुखणं मला कळलं. इंग्रजी मला येत होतं, पण हुंकाराशिवाय ते पुढे जात नव्हतं.

आता बाबांना गप्प बसवणं आलं. हे परीक्षेपेक्षा अवघड निघालं. पहिल्या दिवशी त्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि उपरण्याआडून हुंकार दिला. मग आईने युक्ती काढली आणि त्यांना तोंडात पाण्याचा घोट धरून बसवलं. गाल फुगवून ते माझ्याकडे टक लावून बघायचे. मध्येच राहवलं नाही की पाणी गिळून 'हाव' म्हणायचे आणि आईच्या शिव्या खायचे. हळूहळू ते शिकले, आणि त्या फुगलेल्या गालांकडे बघत न अडखळता बोलायला मीही शिकले.

दुसऱ्या खेपेला मॅडम वेगळ्या, तोंड तेच. विषय आला हरवलेली वस्तू. मला हसू आवरेना. डोळ्यांसमोर बाबांचे गाल आणले आणि सरळ माझीच छत्री स्टेशनवर हरवली म्हणून सांगायला सुरुवात केली. रंग सांगितला, दांडा सांगितला, खिडकीतल्या माणसाने कशी लबाडी केली आणि माझ्या आईने त्याला कसं खडसावलं तेही सांगितलं. शेवटी मॅडमनीच मला थांबवलं. गुण मिळाले. घरी फोन करून छत्री भेटली म्हणून सांगितलं, तर आईला माझ्या गुणांपेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला.

इकडे आल्यावर पहिल्या सुट्टीला मी बाबांना फोन लावला. वॉर्डाचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, इथली माणसं पोळीला काय म्हणतात ते सांगितलं. पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मी दोनदा बाबा, बाबा केलं. मग मागून आईचा आवाज आला.

"हायेत नं. तोंडात पाणी घिऊन बसले. म्हनतात, इंग्लंडचा फोन हाय, मंधात बोलाचं नाई."

मी हसले, आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या मुलीने येऊन पाठीवर हात ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "परीक्षा झाली नं आता. हाव म्हना."

पाणी गिळल्याचा आवाज आला.

"हाव," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग."